जुनी जर्मन डिझेल घेताय? पुण्यात आधी गॅरेज शोधा, गाडी नंतर

पाच-सहा लाखांत एखादी नवी छोटी हॅचबॅक येते. साधारण तेवढ्यातच आठ-दहा वर्षांची फोक्सवॅगन जेट्टा किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया मिळते, आणि अजून थोडी भर घातली तर जुनी मर्सिडीज सी-क्लासही समोर येते. दार लावताना येणारा तो भरीव आवाज ऐकला की बहुतेकांचं मन तिथेच ठरतं. गाड्या खरंच तशाच आहेत. एक्स्प्रेसवेवर शंभरला अशा बसतात की शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येतं, आणि डिझेलचा खालच्या आरपीएमचा जोर घाटात कळतो.

पण या गाड्यांना हयगय अजिबात चालत नाही. दुसऱ्या एखाद्या कंपनीची गाडी वर्षभर सर्व्हिसिंग चुकलं तरी कुरकुरत चालत राहते. इथे तेच चुकलेलं सर्व्हिसिंग तीन वर्षांनी लाखाच्या बिलातून वसूल होतं, आणि ते बिल त्या वेळी गाडी ज्याच्या नावावर असेल त्याने भरायचं असतं. म्हणून मॉडेल, रंग, सनरूफ यांच्या आधी एकच गोष्ट बघायची: आधीच्या मालकाने या गाडीवर काय खर्च केला आणि कुठला टाळला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहेत.

(स्कोडा चेक कंपनी आहे हे मान्य. पण इंजिन आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाचेच असतात, त्यामुळे इथे ती सोबतच धरली आहे.)

१. आधी स्वतःच्या फिरण्याचा हिशेब

रोजचं जाणं-येणं कोथरूड ते डेक्कन एवढंच असेल आणि महिन्यातून एकदा लोणावळा होत असेल, तर डिझेल घेऊ नका, पेट्रोल बघा. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं. ते पुरतं तापायच्या आत रोज बंद झालं की ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, काजळी साचत जाते. ज्या गाड्यांना डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर आहे, त्यांचं तर सिग्नल-सिग्नल चालण्यात फारच हाल होतात. तो फिल्टर स्वतःची काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत ते होत नाही.

दर आठवड्याला मुंबई, पंधरवड्याला कोल्हापूर किंवा नाशिक असं फिरणं असेल, तर मात्र ही गाडी तुमच्यासाठीच आहे.

वयाचाही विचार करा. फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी यांनी एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हा भारतात डिझेल बंद केलं. म्हणजे पोलो, व्हेंटो, रॅपिड, अमियो यांतली सगळ्यात तरुण डिझेलही २०२० च्या सुरुवातीची. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू डिझेल विकत राहिल्या, त्यामुळे त्यांच्यात नवी गाडी सापडते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, हरित कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली-एनसीआरचा (२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथेही तो बराच सैल केला), पुण्याला तो लागू नाही.

२. गॅरेज ठरवा

ही पायरी लोक गाडी घेतल्यावर करतात, आणि तिथेच फसतात. पुण्याचं एक सुख आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, मर्सिडीज १९९४ पासून पुण्यात आहे, आधी पिंपरीत आणि मग चाकणला. स्कोडा आणि ऑडीची जोडणी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. त्यामुळे या गाड्यांवर हात बसलेली माणसं या भागात भरपूर आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून मग भोसरी, वाकड, वारजे, हडपसर अशा ठिकाणी स्वतःचं गॅरेज टाकलेला मेकॅनिक हाच तुमचा खरा आधार.

गॅरेज पारखताना तीन गोष्टी विचारा. त्या कंपनीचा खास स्कॅनर आहे का? फोक्सवॅगन समूहासाठी व्हीसीडीएस किंवा ओडीआयएस, मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा. सगळ्या गाड्यांना चालणारा साधा स्कॅनर इंजिनचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शनच्या आत शिरत नाही. दुसरं, टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, कामाला लागणारी लॉकिंग टूल्स आहेत का? ती नसतील आणि मेकॅनिक खूण करून बेल्ट बसवतो म्हणत असेल, तर नमस्कार करून निघा. तिसरं, बिलावर पार्ट नंबर लिहून देतो का?

मग त्यालाच सांगा, मला गाडी घ्यायची आहे, घेण्याआधी तपासून द्याल का. चांगला मेकॅनिक या कामाचे हजार-दोन हजार घेतो आणि तुमचे लाख वाचवतो.

३. कोणती गाडी, तिचं दुखणं कोणतं

प्रत्येक इंजिनाचं दुखणं ठरलेलं असतं. ते माहीत असेल तर बघायला गेल्यावर नजर नेमकी तिथे जाते.

पोलो, व्हेंटो, रॅपिड. यांत १.२, १.६ आणि २०१४ नंतर १.५ लिटर टीडीआय, म्हणजे या समूहाचं टर्बो डिझेल. १.२ तीन सिलिंडरचं, थोडं थरथरतं, चढावर दम लागतो. १.६ आणि १.५ दणकट आहेत. तिन्हींना टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून लाख किलोमीटरच्या आसपास फिरलेल्या गाडीचा पहिला प्रश्न: बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलले का, आणि बिल कुठे आहे? 'बदललाय हो' याला बिलाशिवाय काही अर्थ नाही. बाकी किरकोळ कटकटी म्हणजे खिडकीचे रेग्युलेटर, दाराच्या लॉकचे मायक्रोस्विच, एसीची कूलिंग कॉइल, खालचे बुश आणि लिंक रॉड. यांचा खर्च भावातून वजा करा आणि पुढे चला.

याच कुटुंबातल्या ऑटोमॅटिकला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, डीक्यू२००. त्याची टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, सोसायची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि १.५ टीडीआयचा टॉर्कही नेमका २५०. म्हणजे गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून काठावर चालतो. पुण्याच्या रांगेत सतत अर्धवट क्लचवर सरकून तो तापतो, आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा त्याचा मेंदू) गेलं की खर्च लाखाच्या पुढे. पहिल्यांदाच जर्मन घेत असाल आणि बजेट तंग असेल, तर मॅन्युअलच घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

लॉरा, ऑक्टाव्हिया, सुपर्ब, जेट्टा, पसाट. २.० टीडीआय बरोबर मिळणारा सहा गिअरचा डीएसजी, डीक्यू२५०, तेलात बुडालेल्या क्लचचा आहे आणि बराच टिकाऊ. अट एकच, दर ६०,००० किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदललेला हवा. दीड लाख फिरलेल्या गाडीत अशी दोन बिलं दिसायला हवीत. मॅन्युअल असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्लचजवळच्या, इंजिनाची थरथर शोषणाऱ्या जड चाकाकडे लक्ष द्या. गाडी न्यूट्रलला असताना खडखड येते आणि क्लच दाबला की आवाज बदलतो, तर क्लचसोबत तेही बदलावं लागणार. जुन्या १.९ टीडीआयची पंप-इंजेक्टर यंत्रणा वेगळी आहे. चुकीचं तेल वापरलं तर तिचा कॅमशाफ्ट झिजतो, त्यामुळे ५०५.०१ दर्जाचंच तेल पडत आलंय का हे विचारा.

ऑडी. ए-४ आणि ए-६ च्या पुढची चाकं ओढणाऱ्या २.० टीडीआयमध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असायचा. सुटताना झटका किंवा थरथर जाणवली की ती गाडी सोडा. हा गिअरबॉक्स दुरुस्त करणारे हात कमी आहेत.

बीएमडब्ल्यू. ३२०डी आणि ५२०डी मधल्या एन-४७ इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती सैल झाली की थंड इंजिन सुरू होताना मागून साखळी घासल्यासारखा आवाज येतो, आणि ती बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आवाज आला तर भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका. शिवाय बहुतेक बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर असतात आणि स्टेपनी नसते. चार टायरांचा भाव आधी विचारून ठेवा.

मर्सिडीज. सी २२० आणि ई २५० सीडीआय मधलं २.१ लिटरचं ओएम-६५१ इंजिन लाखो किलोमीटर जातं. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांच्या इंजेक्टरनी जगभर त्रास दिला होता, तेव्हा ते बदलल्याचं रेकॉर्ड बघा. तीन लिटर व्ही-६ ओएम-६४२ मध्ये ऑइल कूलरची सीलं गळतात. सील स्वस्त, पण ती इंजिनाच्या खोबणीत खोल असल्यामुळे मजुरी भारी पडते.

आणखी एक. फोक्सवॅगनच्या २०१५ च्या उत्सर्जन घोटाळ्यानंतर (चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर), पुण्याच्याच एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने केलेल्या चाचण्या झाल्यावर, भारतात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. ईए-१८९ मालिकेतली १.२, १.५, १.६ आणि २.० लिटरची इंजिनं त्यांत होती. तुमची गाडी २०१५ किंवा आधीची असेल तर चॅसी नंबर देऊन हे काम झालंय का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येतं.

४. घरबसल्या होणारी तपासणी

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि हे बघा:

- परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का.
- महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकलेली चलनं. एक्स्प्रेसवेवर धावलेल्या अशा गाड्यांवर वेगाची चलनं सर्रास असतात, आणि ती गाडीच्या नंबरला चिकटलेली असतात.
- आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षाची म्हणून विकली जाते.
- चॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधलं रेकॉर्ड. मालकाला सोबत नेलं की ते मिळण्याची शक्यता जास्त.

या रेकॉर्डमधला किलोमीटरचा आकडा मीटरशी ताडून बघा. मीटर मागे फिरवणं हा उघड धंदा आहे. २०१९ च्या जॉबकार्डवर ९८,००० आणि आज मीटरवर ८४,००० असं दिसलं, तर पुढे बोलायचंच नाही. सर्व्हिस रेकॉर्ड अचानक थांबलं असेल तर त्यानंतर बाहेर कुठे काम केलं, त्याची बिलं मागा. बिलं नाहीत म्हणजे सर्व्हिसिंग झालं नाही, असंच धरून भाव करा.

५. गाडी बघायला जाताना

सोबत घ्या: चांगला टॉर्च, छोटा चुंबक, पांढरा जुना रुमाल, ब्लूटूथचं ओबीडी डाँगल (गाडीला जोडून फोनवर एरर कोड वाचायचं छोटं यंत्र). आणि सकाळी जा. आदल्या संध्याकाळी विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

गेल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर समजा, काहीतरी झाकायचं आहे. दुसऱ्या दिवशी परत या.

थंड इंजिन सुरू करताना तुम्ही बाहेर उभे राहा, चावी मालकाला फिरवू द्या. एका दमात सुरू व्हायला हवी. सायलेन्सरजवळ रुमाल धरा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. रेस दिल्यावर दाट काळा धूर म्हणजे ईजीआर, टर्बोचा पाइप किंवा इंजेक्टर. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या. आता चालू इंजिनावर तेलाचं झाकण हलकेच सैल करा. थोडी हवा येणारच, पण झाकण उडू लागलं आणि धुराचे भपकारे आले तर पिस्टन रिंगा थकल्या आहेत.

चुंबक दारांवर आणि मागच्या पॅनेलवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. मात्र काही मोठ्या गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचंच असतं, तिथे तो मुळातच चिकटणार नाही. चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर मूळचे आणि मीटरवर ८०,००० असं सांगत असतील तर शंका घ्या.

चालवून बघायला किमान अर्धा तास मागा आणि रस्ता स्वतः निवडा. थोडी तुंबलेली गर्दी, एक चढ, एक मोकळा पट्टा. चांदणी चौकाची चढण आणि पुढचा बायपास या कामाला उत्तम. डीएसजी असेल तर गर्दीत ब्रेक सोडून नुसती सरकू द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, रिव्हर्सला टाकताना धक्का किंवा गिअरचं चिन्ह लुकलुकणं, यांतलं काहीही आलं तर स्कॅन केल्याशिवाय एक शब्दही बोलू नका. मोकळ्या पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण दाबा. टर्बोची ओढ सलग यायला हवी, मध्येच हात आखडता घेतला आणि दिवा लागला तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळतेय किंवा टर्बोची पाती अडकली आहेत.

दुसरी चावी मागा. या गाड्यांची नवी चावी कोड करून घ्यावी लागते आणि ती महाग पडते. एकच चावी मिळत असेल तर तेवढा भाव कमी करा.

६. लिफ्ट आणि स्कॅन

आता तुमच्या मेकॅनिककडे. लिफ्टवर घेऊन खालचा प्लास्टिकचा गार्ड काढायलाच लावा. सगळी गळती त्यावर साचते, आणि वरून पुसलेलं इंजिन खाली खरं बोलतं. स्कॅनमध्ये नुसते एरर कोड बघू नका, ते येण्याआधी कोणीही पुसू शकतं. इंजेक्टरच्या करेक्शन व्हॅल्यू, डीपीएफमधली काजळी आणि राख, डीएसजीच्या क्लचचे आकडे आणि वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर बघायला सांगा. मीटर फिरवणारा डॅशबोर्डचा आकडा बदलतो, पण सगळ्या मॉड्यूलमध्ये पोचतोच असं नाही.

डीपीएफ असलेल्या गाडीत डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर दिसलं तर सावध व्हा. फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल तेलात उतरतं.

विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालं.

७. तीन सापळे

बुडालेली गाडी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात धुमाकूळ घातला. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी पार्किंगमधल्या गाड्या बुडतात, काही विमा कंपन्यांमार्फत लिलावात जातात आणि पॉलिश होऊन परत बाजारात येतात. काही जर्मन गाड्यांची कंट्रोल मॉड्यूल सीटखाली किंवा कार्पेटखाली असतात, काहींची बॅटरी डिकीत असते. पाणी तिथे गेलं की वर्षभर नवनवे दिवे लागत राहतात. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग आहे का बघा. सीटचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती आहे का, कार्पेट कोपऱ्यातून उचलल्यावर कुबट वास येतो का. अत्तर मारलेली गाडी असेल तर हे दोनदा बघा.

दिल्लीची गाडी. तिथल्या दहा वर्षांच्या डिझेलबंदीच्या धास्तीने आठ-नऊ वर्षांची ऑडी क्यू-५ किंवा ५२०डी डोळे विस्फारावेत अशा भावात येते. त्या भावात मूळ आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा नंबर यांचा खर्च मिळवा. डिझेलवर महाराष्ट्राचा कर पेट्रोलपेक्षा जास्त दराने लागतो, आणि आधीच्या राज्यातला कराचा परतावा मिळवायला वेगळी खटपट. हे सगळं धरूनही स्वस्त पडत असेल तरच बघा, आणि कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवलेली) किंवा डीपीएफ कापलेली गाडी. पोलो जीटी आणि ऑक्टाव्हिया हौशी पोरांच्या आवडीच्या. इंजिनाचा टॉर्क वाढवलेला असेल तर क्लच आणि गिअरबॉक्सचं आयुष्य तेवढं कमी झालेलं आहे. वर सांगितलेल्या डीक्यू२०० बाबत तर हे फारच खरं. डीपीएफ रिकामा केलेला असेल तर उत्सर्जन यंत्रणेत बेकायदा फेरफार झाला आहे, आणि मूळ भाग परत बसवायचा खर्च तुमचा.

८. व्यवहार आणि आरटीओ

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५
- तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो
- दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, सगळी बिलं

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का ते आधी बघा, नाहीतर आरटीओचं काम अडतं. पैसे बँकेतूनच द्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं.

कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज वाहन पोर्टलवरून होतो. पुण्याच्या गाडीचं काम संगम पुलाजवळच्या कार्यालयाच्या हद्दीत, पिंपरी-चिंचवडची एमएच १४ मोशीला. 'नावावर नंतर करू' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. झिरो डेप (दाव्यात भागांचा घसारा न कापणारं) आणि इंजिन प्रोटेक्ट ही दोन्ही कव्हर घ्या. फास्टॅगही जुन्या मालकाचा बंद करवून स्वतःचा लावा.

९. पहिला महिना

किमतीच्या किमान पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला काढलेली असू द्या. ती नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, पण ही रक्कम सोडू नका.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि डिझेल फिल्टर हे सगळं पहिल्याच आठवड्यात बदला, जुना मालक काहीही म्हणो. तेल डब्यावरचा दर्जाचा आकडा बघून घ्या. डीपीएफवाल्या फोक्सवॅगन समूहाला ५०७.००, मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, पण अंतिम शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून तेल चालत नाही. बेल्टचं बिल नसेल तर बेल्टही याच महिन्यात.

नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाल तेव्हा गाडीचं नाव सांगू नका, पार्ट नंबर सांगा. फोक्सवॅगन समूहाच्या नंबरात शेवटी एखादं अक्षर असतं, ते बदललं की सुधारित आवृत्ती. मी काढलेला जुना भाग कापडात गुंडाळून सोबत नेतो आणि काउंटरवर दोन्ही नंबर शेजारी ठेवूनच पैसे देतो. एकाच भागासाठी मूळ पुरवठादाराच्या मालाचा आणि नकलेचा असे दोन भाव ऐकू येतात. ब्रेक, बेल्ट, वॉटर पंप आणि इंजेक्टरच्या बाबतीत नकलेला हात लावू नका. खिडकीचं बटण किंवा आरशाची काच जुन्या बाजारातून आणली तरी बिघडत नाही.

१०. नंतरची वर्षं आणि पावसाळा

फोक्सवॅगनचं सर्व्हिसिंग १५,००० किलोमीटर किंवा वर्षाने सांगितलं आहे. जुन्या गाडीला, पुण्याच्या धुळीत आणि गर्दीत, मी तेल १०,००० लाच बदलतो आणि इतरांनाही तेच सांगतो. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका. या गाड्यांचे थर्मोस्टॅटचे आणि पाइपचे प्लास्टिक भाग वयाने ठिसूळ होतात, त्यामुळे पातळी महिन्यातून एकदा बघा. कमी होत असेल तर नुसती भरत बसू नका, गळती शोधा. पंपावर 'डिझेल' हा शब्द तोंडाने सांगा आणि नोझल आत जाईपर्यंत बघत राहा. चुकून पेट्रोल पडलं तर गाडी सुरू न करता टाकी रिकामी करवून घ्या. सुरू केली की ते हाय-प्रेशर पंपात आणि इंजेक्टरात जातं.

घाट चढून आल्यावर किंवा एक्स्प्रेसवेवरून उतरल्याबरोबर इंजिन बंद करू नका, अर्धा-एक मिनिट तसंच चालू द्या, टर्बोला तेल मिळत राहतं. शहरातच फिरणं झालं असेल तर महिन्यातून दोनदा तरी सातारा रस्त्याला तास-दीड तास सलग चालवून आणा. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली की ती स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते, रस्त्यावरचा बॅटरीवाला हे करत नाही.

पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी दिसलं तर समोरची एसयूव्ही गेली म्हणून तुम्ही जाऊ नका. सेडानचा हवा ओढण्याचा पाइप खाली असतो, डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असतं, आणि सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. न्यूट्रल करून ढकलून बाजूला घ्या, जमलं तर बॅटरीची वजा बाजू काढा, जागेवरच फोटो काढा आणि विमा कंपनीला फोन करा. टोइंगला चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा. ऑटोमॅटिक आणि क्वाट्रो (चारही चाकांना जोर देणाऱ्या ऑडी) गाड्या दोन चाकांवर ओढत नेल्या तर वाचलेला गिअरबॉक्स वाटेत जातो.